झोळ काढलेलं शीड

वन्सं, तुमच्या दिवसकार्याला जो मांडव घातला होता, त्याला झोळ होता.

मी सकाळपासून तिकडेच बघत होते. मांडववाल्यानं दोन दोऱ्या ढिल्या सोडल्या होत्या आणि मधोमध कापड खाली आलं होतं, जेवायला बसलेल्यांच्या अगदी डोक्यावर. तुम्ही असतात तर पानावरून उठला असतात. "कुणी बांधलाय रं ह्यो? ह्यात काय म्हशी डुंबायच्यात व्हय?" असं सगळ्या पावण्यांसमोर ओरडून तो सोडून परत बांधायला लावला असता. मला उठून सांगायचं धाडस झालं नाही. मनात मात्र तुमचा आवाज ऐकू आला आणि हसू फुटलं, आणि हसू फुटलं म्हणून रडू आलं. शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, नणंदेसाठी रडते. रडत होतेच. पण मध्ये मांडवाचा झोळ होता, हे त्यांना कसं सांगणार?

आलेली माणसं तुमच्याविषयी चांगलंच बोलली. बाई खमकी होती, एकटीनं दुकान चालवलं, कुणापुढं वाकली नाही. सगळं खरं. तरी मला वाटत राहिलं की हे कुणा दुसऱ्याच बाईविषयी बोलतायत. मला आठवत होत्या त्या तुम्ही खाडीच्या काठावर जुन्या शिडापुढे फतकल मारून बसलेल्या, खडू माझ्याकडे करणाऱ्या. ते इथं कुणाला माहीत नाही. ह्यांना माहीत आहे थोडं, पण तुमचा भाऊ असून ते फोनवरचंच माहीत आहे. म्हणून लिहिते. चौथीनंतर मी कापडावर खडूनं मापं सोडली तर काही लिहिलेलं नाही. बोलायला तर तुमच्यापुढे कधी जमलंच नाही.

कोल्हापुरात या घरात आले तेव्हा मला तुमची भीती वाटायची, हे तुम्हाला ठाऊक होतं. नणंद म्हणून नाही, आवाजाची. आमच्या वडगावच्या घरात सगळे हळू बोलायचे. तुम्ही रस्त्यापलीकडच्या ट्रकवाल्याशी दुकानात बसूनच बोलायचात. तुमचे मालक वारल्यावर तुम्ही माहेरी आलात आणि मामंजींचं ताडपत्रीचं दुकान हातात घेतलंत, ते मी येण्याआधीच. ट्रकच्या ताडपत्र्या, रिक्षाचे हूड, गुऱ्हाळावरची झाकणं. तुमचा एकच नियम होता: झोळ नको. झोळ पडला की पाणी साचतं, पाणी साचलं की कापड कुजतं, आणि आतली गुळाची ढेप भिजली की गिऱ्हाईक परत येत नाही.

मी माहेरी पोलकी शिवायची. लग्नात पायाचं मशीन घेऊन आले होते. तुम्ही ते बघितलंत आणि म्हणालात, "पोलकी? त्यो काय धंदा हाय? ईतभर कापड आणि गावभर कटकट." मी मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. मग एक दिवस तुम्ही दुकानातून हाक मारलीत, "अगं ए, हिकडं ये. टोक धर." मी ताडपत्रीचं टोक धरलं. तुम्ही आखलंत, तुम्ही कापलंत, तुम्ही शिवलंत. मी टोक धरत होते. पुढं कधीतरी दोरा ओवायला दिलात, मग रिंगा ठोकायला. खडू आणि कातर मात्र तुमचीच. सासू घरात नव्हत्या, हे फौंड्रीत जायचे, आणि दिवसभर तुमच्यासमोर ताडपत्रीचं टोक धरून बसण्यात मला हळूहळू बरं वाटायला लागलं. काही बोलावं लागत नव्हतं. बोलायचं काम तुमच्याकडे होतं.

मग बाजारात ती निळी प्लॅस्टिकची ताडपत्री आली. फाटली की फेकून द्यायची. शिवायला कोण येणार? आणि त्याच सुमाराला गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ निघायला लागले. दुकानाची जागा रस्त्यावरची. ह्यांनी जेवताना विषय काढला.

"आक्का, फोनवाला विचारतोय. जागा मोक्याची हाय म्हणतोय."

"मग?"

"मग काय मग? दिवसभर बसून किती ताडपत्र्या येत्यात तुला?"

"आणि मी काय करू? तुझ्या दारात बसून शेंगा सोलू?"

"बस की निवांत. ही हाय की करायला."

ही म्हणजे मी. मी भाकरी थापत होते. मला एवढं कळलं की दुकान गेलं तर तुम्ही उंबऱ्याच्या आत येणार आणि मी चुलीपासून उठणार नाही. तुमचं काय होईल याची मला जास्त भीती वाटली. तुमचा आवाज त्या दोन खोल्यांत मावणारा नव्हता.

तुम्ही पाणी प्यालात आणि म्हणालात, "संक्रांतीपतोर थांब. त्यात काम न्हाय दिसलं, तर मीच कुलूप काढून देतो."

दिवाळी नुकतीच झाली होती.

काम घेऊन आला तो गोव्याला गूळ नेणारा ड्रायव्हर. त्याच्या गाडीची ताडपत्री तुम्ही शिवलेली, घाटातल्या पावसातही त्याची ढेप कधी भिजली नव्हती. तो म्हणाला, तिकडं खाडीच्या काठाला बोटी दुरुस्त करायचं यार्ड आहे. तिथं एक म्हातारे कप्तान जुनी शिडाची बोट नव्यानं बांधून घेतायत. सुतार आहेत, रंगारी आहेत, शीड शिवायला माणूस मिळत नाही.

"शीड म्हंजे कापडच की वो मावशी."

"कापड हाय न्हवं? मग झालं," तुम्ही म्हणालात. आणि लगेच, "हिला संगं नेतो."

हे ताटावरून बघायला लागले. "हिला? गोव्याला?"

"मग तुला नेऊ? सुईत दोरा ववायला येतोय तुला?"

ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

मोठ्या मशीनचं डोकं गोधडीत गुंडाळून तुम्ही एसटीत शेजारच्या सीटवर ठेवलंत. कंडक्टर म्हणाला, "हे काय हाय? सीटवर न्हाय चालत." तुम्ही म्हणालात, "मग उचलून वर ठेवा की, पावणं." त्यानं एकदा हात घातला, गोधडी बोटभरही हलली नाही, आणि त्यानं गप तिकीट फाडलं. चंदगडच्या पुढे घाट लागला आणि मला उलट्या सुरू झाल्या. लाजेनं मी तोंडावर पदर दाबून धरला. तुम्ही माझं डोकं खिडकीबाहेर धरलंत. "वक. लाजू नगंस. ह्यातलं कुणी तुला परत बघणार न्हाय." माझ्या कपाळावरचा तुमचा तो हात रिंगा ठोकून ठोकून खरखरीत झालेला होता. आईचा हातही मला इतका नीट आठवत नाही.

मला वाटलं होतं बोट पाण्यात असेल. ती जमिनीवर होती, लाकडाच्या टेकूंवर उभी. कडेच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या होत्या. मिस्तरी फळ्यांच्या फटीत कापूस ठासत होते, त्यावर राळ भरत होते. सगळ्या यार्डाला राळेचा आणि काजूच्या टरफलाच्या तेलाचा उग्र वास. डोलकाठी काढून लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली. तुम्ही बोटीभोवती एक फेरी मारलीत, बुडाला थाप मारून बघितलीत आणि कप्तानांना म्हणालात, "आमच्या आज्ज्याच्या बैलगाडीपेक्षा जुनी हाय की ही."

कप्तान हसले. उंच, वाकलेले, पांढऱ्या दाढीचे. म्हणाले, "माझ्यापेक्षा मात्र तरुण आहे, बाई." जन्मभर त्यांनी मोठी लोखंडी जहाजं चालवली होती. आता ही एक लाकडाची, स्वतःची, वाऱ्यावर चालवायची होती. शिडाचं कापड त्यांनी नोकरीत असताना बाहेरच्या देशातून आणून जपून ठेवलं होतं. पांढरं, कडक, हाताळलं की कागदासारखं वाजणारं. होतं तेवढंच, आणखी मिळणार नव्हतं.

आपण मिस्तरींच्या पडवीत राहिलो. त्यांच्या बायकोच्या नारळाच्या आमटीत तुम्ही घरून नेलेली चटणी घालायचात. मिस्तरींनी एकदा ती चाखली आणि पुढं बोलायचे राहिले. तुम्ही त्यांना गूळ दिलात.

झावळ्यांनी शाकारलेल्या शेडमध्ये आपण जुनं शीड नमुना म्हणून पसरलं. ते काही केल्या जमिनीला टेकेना. एकीकडून दाबलं की दुसरीकडून फुगायचं. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघितलंत.

"बघ, वाऱ्यानं पार झोळ पडलाय. किती वरसं वापरलंय कुणास ठावं."

मीही खाली बसून हात फिरवला. मलाही तसंच वाटलं. वापरलेल्या ताडपत्रीचं असंच होतं, मधून ताणते. आपण त्या तिकोनी शिडाच्या तिन्ही बाजूंची मापं घेतली, कापडाच्या पट्ट्या सरळ कापल्या आणि सरळ रेषेत शिवल्या. तुम्ही कडेच्या दुमडीत नेहमीसारखं चार बोटं जास्त कापड सोडलंत. कप्तान म्हणाले, एवढं कशाला? तुम्ही म्हणालात, "आत असूदे. कधी लागलं तर कुणाच्या दारात जायला नगं." किती सुंदर शिवलं होतं आपण ते. एक टाका वाकडा नव्हता. जमिनीवर पसरलं की पाण्यासारखं सपाट पसरायचं.

डोलकाठी बोटीवर उभी केल्यावर कप्तानांनी जमिनीवरच शीड चढवून बघायचं ठरवलं. खाडीवरून वारा येत होता. शीड वर गेलं. इस्त्री केल्यासारखं, एक सुरकुती नाही. तुम्ही मिस्तरींना म्हणालात, "दावा कुठं झोळ हाय?"

मिस्तरी कप्तानांकडे बघत होते. कप्तान बोटीभोवती चालत होते. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. मग आपल्यापाशी आले.

"बाई, जुन्याला पोट होतं, ते कुठं गेलं?"

"कसलं पोट?"

त्यांनी तळहात ताठ धरून वाऱ्यात फिरवला. मग ओंजळीसारखा वाकवला आणि पुन्हा धरला. "वारा असा आत भरला तर बोट ओढली जाते. सपाट शिडावरून तो नुसता घसरून जातो."

"म्हंजे त्यो झोळ..."

"झोळ नव्हता तो. मुद्दाम शिवलेला होता."

तुम्ही वर शिडाकडे बघितलंत. "आम्ही काढला," तुम्ही म्हणालात. "आम्ही त्यो काढून टाकला."

कप्तान तिथंच एका फळीवर बसले. म्हणाले, "माझंच चुकलं. मी आधी सांगायला हवं होतं."

तुम्ही एकदम उसळलात. "तुमचं कसं चुकलं? कातर कुणी लावली? मी लावली. माझ्या चुकीला तुम्ही कशाला वाटेकरी?" तुमचा आवाज साऱ्या यार्डात गेला. सुतारांचे हातोडे थांबले. कप्तानांवर तुम्ही रागावला नव्हतात हे मला कळत होतं, आणि त्यांनाही कळलं असावं, कारण ते म्हणाले, "बरं. मग तुमचं चुकलं. आता काय करायचं?"

तुम्ही हात उंचावून शिडाची खालची कड चाचपत राहिलात. कापड संपलं होतं. संक्रांत तोंडावर आली होती. त्याच संध्याकाळी यार्डाच्या ऑफिसात ह्यांचा फोन आला. तुम्ही फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलत होतात की फोन नसता तरी कोल्हापुरात ऐकू गेलं असतं.

"व्हय, शिवून झालं... न्हाय, येत न्हाय आत्ता. उसवायचंय... उसवायचंय म्हंजे उसवायचंय, तुला काय कळतंय त्यातलं?... कोण, फोनवाला? बसू दे की त्याला. संक्रांत झाली व्हय रं अजून?"

फोन ठेवलात आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिलात. मी तुमच्या मागेच होते. मला काहीतरी म्हणायचं होतं. मी तुमच्या हातातली पिशवी घेतली, तेवढंच जमलं.

सकाळी तुम्ही जुन्या शिडापुढे जाऊन बसला होतात. "इतकी वरसं झोळ काढायला शिकलो," तुम्ही म्हणालात. "घालायचा कसा, ते कुणी शिकवलंच न्हाय गं."

मी त्या जुन्या शिडाची एक शिवण उसवायला घेतली. काहीतरी हाताला काम हवं होतं म्हणून. शिवण सुटत गेली तसं दिसलं, की दोन पट्ट्या एकमेकींवर सगळीकडे सारख्या चढवलेल्या नाहीत. मधे थोड्याच, आणि कडेला जात जात जास्त. शिवण सरळ नव्हती, हलकी वाकलेली होती. दुसरी उसवली, तीही तशीच. मी ओळखलं. ओळखलं आणि तोंड उघडेना. तुम्ही दोनदा विचारलंत, "काय? काय गं?"

"वन्सं, हे टक्सासारखं हाय."

"कशासारखं?"

"पोलक्याच्या टक्सासारखं." मला शरम वाटत होती, तरी सांगितलं. सपाट कापडाला कडेनं चिमटा घेतला की मधे आपोआप गोलाई येते. पोलकं अंगाला बसतं ते त्यानंच. इथं प्रत्येक शिवणीला कडेला चिमटा घेतलाय, म्हणून सगळं मिळून पोट आलंय.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग जे हसलात, ते मिस्तरी बोटीखालून बाहेर आले.

"एवढ्या मोठ्या बोटीला पोलकं! आत्ता गं बया!"

"कितें जालें?" मिस्तरी विचारायला लागले.

"काय न्हाय मिस्तरी, बोटीचं माप घ्यायचंय."

आणि हसता हसता तुम्ही कमरेच्या पिशवीतून खडू काढलात आणि माझ्यापुढे धरलात. मी तो घेईना. तुम्ही माझी मूठ उघडून त्यात ठेवलात. "तू आख. मी टोक धरतो."

आधी माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याचं रुमालाएवढं शीड करून बघितलं. दोघींनी टोकं धरून ते वाऱ्यात धरलं आणि ते टच्च भरलं, हातातून ओढायला लागलं. तुम्ही लहान पोरीसारखं "धर, धर, गेलं!" करत होतात. कप्तान आले, त्यांनी बघितलं आणि मग त्यांनी त्यांचं सांगितलं: पोट पुढच्या बाजूला हवं, मागे निमुळतं होत जायला हवं, खाली कमी, वर थोडं जास्त. ते बोलत होते, मी आखत होते, कळलं नाही तर परत विचारत होते. मी विचारत होते, वन्सं. परक्या पुरुषाला. तुम्ही टोक धरून गप्प बसला होतात. चिमट्यात जेवढं कापड गेलं, तेवढं तुम्ही दुमडीत सोडलेल्या चार बोटांतून निघालं. नाहीतर सगळंच तोकडं पडलं असतं. कप्तानांनी त्या दुमडीला हात लावून तुम्हाला नमस्कार केला. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या."

आधीच्या सुईची भोकं मात्र राहिली. ती बुजत नाहीत.

बोट पाण्यात उतरली त्या दिवशी नारळ फोडला. कप्तान म्हणाले, "शिवणाऱ्या बाईंनी एकदा आतून बघायला हवं."

"ही जाईल," तुम्ही म्हणालात.

"मी? वन्सं, मला पोहायला..."

"मला तरी कुठं येतंय? जा. मला हितं मशीन बांधायचंय."

मशीन सकाळीच बांधून झालं होतं. गोधडीला गाठ मीच मारली होती. तेव्हा मला कळलं की ट्रकवाल्यांना घाम फोडणारी माझी नणंद पाण्याला भिते. मिस्तरींनी हात दिला आणि मी बोटीत बसले.

परत आले तेव्हा कप्तानांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "बाई, ओढतंय! काय ओढतंय!" तुम्ही त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला काठावर ओढून घेतलंत आणि विचारलंत, "भ्यालीस?"

"न्हाय."

"काय दिसलं?"

"बरं होतं."

"बरं? एवढं पाणी तुडवून आलीस आणि नुसतं बरं? तोंडात पाणी धरलंयस काय?"

एसटीत परत विचारलंत. चंदगडला चहा पिताना विचारलंत. मी काही ना काही बोलून वेळ मारून नेली.

संक्रांतीला आपण घरी होतो. तुम्ही ह्यांच्या हातावर तिळगूळ ठेवलात आणि म्हणालात, "कुलूप माझ्याकडंच ऱ्हाणार." ह्यांनी वाद घातला नाही. तुम्ही कोणतं काम करून आलात, ते ड्रायव्हरकडून त्यांच्या कानावर आलं होतं. कप्तानांच्या ओळखीनं पुढं कधीमधी शिडं येत राहिली, गुळाच्या रिकाम्या परतणाऱ्या ट्रकातून. फार नाहीत. पण ती आली की तुम्ही दुकानाच्या मधोमध पसरायचात, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसतील अशी, आणि खडू माझ्याकडे द्यायचात. फोनवाला पलीकडच्या गल्लीत गेला. काही वर्षांनी सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले आणि त्याचा बूथ बंद पडला, तेव्हा तुम्ही ह्यांना रोज जेवताना विचारायचात, "काय म्हणतोय तुझा फोनवाला?" पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवलेत.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. तुम्ही म्हणायचात, शीड हे आपलं काम नव्हे. "आपलं काम अडवायचं. पाणी अडवायचं, ऊन अडवायचं. वारं धरून ठेवायचं ही काय आपली कला हाय? ती त्या कप्तानाची." मी म्हणायची, आपण केलं ते सगळ्यात चांगलं काम तेच. एरवी मी तुमच्या कुठल्याच शब्दाच्या पुढे गेले नाही, पण यावर मी माघार घेतली नाही. तुम्हाला त्याचा राग यायचा आणि मला वाटतं गंमतही वाटायची, कारण काम नसलं की विषय तुम्हीच उकरून काढायचात.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला तुमच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. तेव्हाही विचारलंत, "त्या बोटीवरनं काय दिसलं गं?" मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते.

तर सांगते.

इंजिनावर बोट खाडीच्या मध्यावर नेली आणि कप्तानांनी इंजिन बंद केलं. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग शीड वर चढलं, जरा फडफडलं, आणि एकदम भरलं. आवाज थांबला. बोट एका बाजूला कलली आणि निघाली. कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं. मी दोन्ही हातांनी फळी धरली होती. शिडातून ऊन येत होतं आणि शिवणींच्या कडेला भोकांची एक सरळ रांग दिसत होती, उजेडाची. ती तुमची, आधीची. तिच्या शेजारून माझी वाकडी शिवण गेलेली. मी ते बघितलं. पण फार वेळ नाही.

कारण तेवढ्यात मी काठाकडे बघितलं. तुम्ही धक्क्यावर नव्हतात. तुम्ही काठाकाठानं पळत होतात, वन्सं. लुगडं वर खोचून, चिखलातून, बोटीच्या बरोबरीनं. मागून मिस्तरी हात हलवत येत होते. माडांच्या मधून दिसायचात, परत नाहीशा व्हायचात. तुमची मान वर नव्हती. शिडाकडे तुम्ही एकदाही बघितलं नाहीत. दुकान राहणार की जाणार ते त्या शिडावर होतं, आणि तुम्ही मी बसले होते तिकडे बघत होतात. जिथं जमीन संपली तिथं तुम्ही पाण्यात उतरलात, गुडघ्यापर्यंत. पाण्याला भिणाऱ्या तुम्ही. आणि तिथं उभ्या राहिलात.

मला हाक मारायची होती. मी हातसुद्धा वर केला नाही. परत आलो तेव्हा तुम्ही धक्क्यावर, लुगडं नीट करून, कमरेवर हात. पाय धुतलेले. तुम्हाला ते मला दिसायला नको होतं, म्हणून मी "बरं होतं" म्हटलं. दरवेळी तेच म्हटलं. माझ्यासाठी असं कुणी पळालं नव्हतं. ते सांगायला गेले असते तर तुम्ही "चल गं, काहीतरीच" म्हणून उडवून लावलं असतंत, आणि ते मला चाललं नसतं.

एवढंच दिसलं. बोटीवरून दुसरं काही मी बघितलंच नाही.

काल जेवताना ह्यांनी विचारलं, "आता दुकानाचं काय करायचं?" खरंच विचारत होते, आधीसारखं नाही. पानातलं चिवडत बसले होते. बहीण गेलीय त्यांची.

"उद्यापास्नं मी उघडणार," मी म्हटलं.

"काम करशील तू, त्याचं काय न्हाय. पण गिऱ्हाइकाशी बोलायचं? ट्रकवाल्यांशी?"

मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"बोलीन की."